जहाजावरच्या रात्रीच्या जेवणाला काय नेसावे?

सुट्ट्यांचे बेत ठरू लागले की या सदराकडे येणारी प्रवासाविषयीची पत्रे वाढतात, आणि यंदा त्यांत क्रूझच्या सफरीविषयीच्या पत्रांची बरीच भर पडली आहे. मराठवाड्यात समुद्र नाही, पण मुलगा किंवा लेक परदेशी असलेली घरे आता गावोगाव आहेत, आणि मुंबईच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजावर दोन-तीन रात्री राहून येणारी कुटुंबेही आहेत. तिकिटे आणि व्हिसा मुले पाहतात. रात्रीच्या जेवणाला काय नेसायचे, हा प्रश्न मात्र बायकांच्या मनात शेवटपर्यंत राहतो, आणि तो विचारायला त्यांना संकोच वाटतो. म्हणून या अंकातील सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा आणि सून जर्मनीत असतात. त्यांनी बार्सिलोनाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या सफरीची तिकिटे काढली आहेत. सूनबाई म्हणते की दोन रात्री ‘फॉर्मल’ असतात आणि त्या वेळी बायका गाऊन घालतात, तेव्हा तुम्हीही एक शिवून घ्या. मी आयुष्यभर साडीच नेसत आले. साडी नेसून गेले तर मुलांना कमीपणा येईल का? पैठणी न्यावी का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : ताई, गाऊन शिवू नका. जो कपडा आपण कधी अंगाला लावला नाही, तो परक्या मुलखात, चालत्या जहाजावर, शेकडो अनोळखी माणसांच्या देखत पहिल्यांदा घालण्यात सुख नाही आणि त्याची गरज तर मुळीच नाही. फॉर्मल रात्रीचा नियम गाऊनचा नसतो, संध्याकाळच्या समारंभाला शोभेल अशा पोशाखाचा असतो. पुरुषांनी गडद सूट व टाय, स्त्रियांनी लांब गाऊन, कॉकटेल ड्रेस किंवा चांगल्या कापडाचा ट्राउझर सूट अशी उदाहरणे कंपन्या देतात, ती त्यांच्या बहुतेक प्रवाशांच्या सवयीची असतात म्हणून. या बाबतीत सर्वांत काटेकोर समजली जाणारी क्यूनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी, ‘क्वीन मेरी २’ हे प्रसिद्ध जहाज जिचे आहे ती, आपल्या गाला रात्रींना देशोदेशीचा समारंभाचा राष्ट्रीय पोशाख मान्य करते. जिथे नियम सर्वांत कडक तिथे साडीला जागा आहे, मग इतर जहाजांवर ती चालेल का, ही शंका मनात ठेवण्याचे कारण नाही.

या रात्रींची नावे कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे गोंधळ होतो. कुठे ‘फॉर्मल’, कुठे ‘गाला’, सेलिब्रिटी या कंपनीच्या जहाजांवर ‘इव्हनिंग शीक’, कार्निव्हलच्या जहाजांवर ‘क्रूझ एलिगंट’. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर सक्तीची फॉर्मल रात्र नसतेच. सात रात्रींच्या सफरीत अशा एक किंवा दोन रात्री धराव्यात. उरलेल्या रात्री साधारणपणे ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे नीटनेटक्या, पण सणासुदीच्या नव्हेत अशा कपड्यांच्या असतात. शाळेच्या पालकसभेला आपण जशा तयार होऊन जात असाल, तेवढी तयारी त्या रात्रींना पुरते.

आता पैठणीविषयी. माझ्या मते एका फॉर्मल रात्रीसाठी ती अवश्य न्यावी. पैठणच्या विणकामात पदरावरचे मोर, मुनिया आणि आसवलीच्या वेली धाग्यात धागा अडकवून हातमागावर विणलेल्या असतात, त्यामुळे पदर उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत. मोठ्या गोल टेबलावर अनोळखी माणसांबरोबर बसायची वेळ आली, तर शेजारची बाई हमखास पदर हातात घेऊन पाहते. त्या वेळी पदराची उलटी बाजू दाखवा आणि सांगा की हे भरतकाम नाही, हे विणलेले आहे, आणि ते आमच्या भागातले आहे. इंग्रजी बेताचे असले तरी एवढे वाक्य पुरते, पुढचे ती बाईच विचारते.

मात्र काळजी घ्यावी लागते. खऱ्या जरीत चांदी असते, आणि समुद्रावरच्या दमट, खारट हवेने व अत्तराच्या फवाऱ्याने ती काळवंडते. अत्तर आधी लावावे, ते वाळू द्यावे आणि मगच साडी नेसावी. पैठणी मऊ मलमलच्या किंवा जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळून न्यावी, नेसून झाल्यावर केबिनमध्ये थोडा वेळ मोकळी ठेवावी आणि घड्या पूर्वीच्या रेषांवर न घालता दुसरीकडे घालाव्यात. जहाजावरच्या लाँड्रीत ती कदापि देऊ नये. आपल्याकडची पैठणी आईची किंवा आजीची असेल आणि घडीच्या रेषांवर रेशीम विरू लागले असेल, तर ती घरीच राहू द्यावी. अशा साडीला सातासमुद्रापलीकडचा प्रवास सोसत नाही. दुसऱ्या फॉर्मल रात्रीसाठी क्रेप रेशमाची म्हैसूर सिल्क किंवा टसर न्यावी. ती हलकी असते आणि वेगळीही दिसते.

आणखी एक गोष्ट जवळ हवीच, ती म्हणजे शाल. जहाजाच्या मुख्य भोजनगृहात, ज्याला ‘मेन डायनिंग रूम’ म्हणतात तिथे, एअर कंडिशनर जोरात असतो आणि जेवण सूप, सॅलड, मुख्य पदार्थ, गोड अशा क्रमाने दीड-दोन तास चालते. आपल्याकडच्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला त्या गारठ्यात अर्ध्या तासात हुडहुडी भरते. साडीवर स्वेटर चढवला की सगळी नेसण फुकट जाते. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल यासाठी उत्तम. रेशीम आणि सूत एकत्र विणलेले असल्याने ती ऊबही देते आणि समारंभाला शोभूनही दिसते. साडीला जुळेल असा एकच गडद रंग घ्या. सातही रात्री तो चालेल.

कमीपणाचे आपण विचारले आहे. सूनबाईचा हेतू चांगला आहे, सासूला अवघडल्यासारखे होऊ नये एवढेच तिला वाटत असावे. तिला हे उत्तर वाचायला द्या आणि जमल्यास तिच्यासाठीही घरातली एक रेशमी साडी बॅगेत ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघे चिकलठाण्याहून विमानाने मुंबईला आणि तिथून सिंगापूरला जाऊन चार रात्रींच्या जहाजावर चढणार आहोत. सामानाला मर्यादा आहे आणि जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत असे ऐकले. साड्या किती आणि कोणत्या न्याव्यात? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. इस्त्री आणि कपड्यांना वाफ देणारा स्टीमर या दोन्ही वस्तू आगीच्या भीतीने बहुतेक सर्व जहाजांवर निषिद्ध असतात. मेणबत्त्या आणि उदबत्त्याही तशाच. चढताना सामानाची तपासणी होते, त्यात इस्त्री सापडली की काढून घेतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी सामाईक लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्री मिळते, पण तिच्यावर विसंबून राहू नये. म्हणजे सगळा विचार घरीच, कापड निवडतानाच करायला हवा.

जॉर्जेट, क्रेप, शिफॉन आणि म्हैसूर सिल्क या साड्या घडीतून काढून झटकल्या की नेसता येतात. खळ दिलेली सुती साडी, ऑर्गन्झा आणि कडक टिश्यू यांचे बॅगेत जे होते ते इस्त्रीशिवाय सुधारत नाही. नारायणपेठ आणि मंगळगिरी मला स्वतःला फार आवडतात, तरी या प्रवासाला त्या नेऊ नयेत असेच मी सांगेन. हल्ली आपल्याकडे ब्यूटी पार्लरमध्ये निऱ्या व पदर आधीच घालून, इस्त्री फिरवून, पिना लावून साडीची चौकोनी घडी करून देतात. फॉर्मल रात्रीच्या साडीची अशी घडी करून घेतली तर केबिनमध्ये दहा मिनिटांत नेसून होते, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण साध्या केबिनमध्ये पलंग, टेबल आणि कपाट सोडले तर निऱ्या घालायला उभे राहण्यापुरतीच जागा असते. जहाजाच्या केबिनच्या भिंती बहुतेक पोलादाच्या असतात. चुंबकाचे हुक नेले तर त्यांवर साडी टांगता येते. भांड्यांच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात ते मिळतात.

संख्येचे म्हणाल तर चार रात्रींना तीन साड्या आणि एक सलवार-कमीज भरपूर झाले. एक साडी दोनदा नेसली, ब्लाउज बदलला आणि शाल वेगळी घेतली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. देशांतर्गत विमानात सहसा पंधरा किलोंची मर्यादा असते आणि परदेशी विमानात ती जास्त असते. पण दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर पहिल्या टप्प्याचे पंधरा किलोच खरे धरावेत. भरजरी साड्यांचे वजन घरच्या काट्यावर करून पाहिल्यास आश्चर्य वाटेल.

पहिल्या दिवसाची एक सूचना. बंदरावर दिलेली मोठी बॅग केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ उलटते. म्हणून त्या रात्री जेवायला घालायचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवावेत. पहिली रात्र सहसा साधीच असते, त्यामुळे चांगला कुर्ता आणि ओढणी पुरते. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी पुष्कळ असतात, तेव्हा आपण एकट्या पडाल ही धास्ती नको.

प्रश्न : माझ्या सासूबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्या आजही इरकली लुगडे, नऊवारीच नेसतात. नणंद आम्हा सर्वांना जहाजावर नेत आहे. सासूबाई म्हणतात, ‘तुम्ही जावा खाली जेवायला, मी खोलीतच भाकर-चटणी खाईन.’ त्यांना पाचवारी नेसायला सांगावे का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : मुळीच सांगू नका, आणि त्यांना खोलीतही बसू देऊ नका. डोलत्या जहाजावर, जिन्यावर, लिफ्टच्या गर्दीत नऊवारीसारखा सुरक्षित पोशाख दुसरा नाही. कासोटा घातलेला असल्याने पायात घोळ येत नाही, पाऊल मोकळे टाकता येते. उघड्या डेककडे जाणाऱ्या दारांना उंच उंबरे असतात, तिथे पाचवारी नेसलेल्या सुनांनीच निऱ्या उचलून धराव्यात, सासूबाई सहज ओलांडून जातील.

इरकलीचे सुती अंग, रेशमी काठ आणि लाल पदर हा पोशाख फॉर्मल रात्रीलाही योग्य आहे. नवे घेण्यासारखे काही असेल तर पायताण. रबरी सपाता घालून किंवा अनवाणी मुख्य भोजनगृहात जाता येत नाही; मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची, सपाट सँडल त्यांना आताच घेऊन द्या आणि महिनाभर घरात वापरू द्या. कातडी तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो, त्यामुळे कोल्हापुरी चप्पल सुंदर असली तरी त्यांच्यासाठी नको.

जेवणाच्या साधारणपणे दोन पाळ्या असतात, एक संध्याकाळी सहाच्या आसपास आणि दुसरी आठच्या पुढे. बुकिंगच्या वेळीच पहिली पाळी आणि दाराजवळचे टेबल मागून घ्या. एखाद्या रात्री त्या थकल्या असतील तर बुफेत जेवावे. तिथे फॉर्मल रात्रीचाही नियम लागू नसतो. पण निदान एक संध्याकाळ त्यांनी मोठ्या भोजनगृहात, सगळ्यांबरोबर बसून जेवावे. लेकीने एवढ्या हौसेने नेले आहे ते त्यासाठीच.

प्रश्न : मी डोक्याला स्कार्फ बांधते आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. भोजनगृहाच्या दारात कुणी हरकत घेईल का? (एक वाचक, बीड)

उत्तर : नाही, ताई. भोजनगृहात जी मनाई असते ती पोहण्याच्या पोशाखाला, ओल्या कपड्यांना, अनवाणी पायांना, पुरुषांच्या बिनबाह्यांच्या बनियनला आणि खेळाडूंच्या टोप्यांना. अंगभर कपड्यांना आणि धर्माप्रमाणे डोके झाकण्याला हरकत घेतली जात नाही. फॉर्मल रात्रीला नाजूक भरतकाम केलेला अबाया, शरारा किंवा रेशमी लांब कुर्ता आणि त्याच रंगछटेचा स्कार्फ अगदी साजेसा दिसेल. केबिनमधून भोजनगृहाकडे जाताना उघड्या डेकवरून जावे लागले तर वारा जोराचा असतो, म्हणून घसरणाऱ्या सॅटिनपेक्षा क्रेपचा किंवा मऊ सुती स्कार्फ घ्यावा आणि दोन पिना जास्त लावाव्यात. जहाजावर चढताना ओळखपत्रासाठी प्रत्येक प्रवाशाचा फोटो काढतात, त्यात चेहरा दिसावा लागतो, एवढेच लक्षात असू द्या.

प्रश्न : नुकतेच लग्न झाले आहे. मुंबई ते गोवा जहाजाने जाणार आहोत, सासू-सासरेही बरोबर आहेत. रात्री जेवायला ड्रेस घालावा की साडी? (एक वाचक, जालना)

उत्तर : मुंबईहून निघणाऱ्या छोट्या सफरींचे वातावरण सुट्टीचे असते. गुडघ्याखाली येणारा ड्रेस, जीन्सवर चांगला कुर्ता, साडी, यांतले काहीही चालेल. सासूबाईंना जाण्यापूर्वीच दोन कपडे दाखवा आणि ‘आई, यातले कोणते घालू?’ असे विचारा. टेबलावर अवघडलेपण राहणार नाही. उंच टाचांचे बूट मात्र नेऊ नका. शांत समुद्रातही जहाज हलकेसे डोलते आणि जिन्यावर टाच अडकते.

प्रश्न : पतीच्या निधनानंतर मी फिक्या रंगाच्या सुती साड्या नेसते, दागिने घालत नाही. लेक मला सफरीला नेत आहे. गाला रात्री सगळ्या नटूनथटून येतील. मी तेव्हा बुफेत जेवावे का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आपण लेकीबरोबर भोजनगृहातच जेवावे, असे मला मनापासून वाटते. कोणत्याही जहाजाचा नियम दागिने मागत नाही आणि रंगही मागत नाही. मागतो तो समारंभाची जाण ठेवून केलेला नेटका पोशाख. राखी किंवा मधाच्या रंगाची टसर, बारीक जरीकाठाची मोतिया महेश्वरी, पांढऱ्यावर करड्या काठाची रेशमी साडी, यांतली कोणतीही त्या रात्री फॉर्मल ठरते. परदेशी स्त्रिया गाला रात्रीला काळा किंवा करडा रंग आवडीने घालतात, तेव्हा फिक्या वा गंभीर रंगामुळे आपण वेगळ्या दिसाल असेही नाही. घरी नेसायची सुती साडी मात्र त्या रात्रीपुरती बाजूला ठेवावी, ती साधी आहे म्हणून नव्हे, तर बॅगेत चुरगळते म्हणून.

आणि रंगाची साडी नेसावीशी वाटली, तर नेसावी. कुणी विचारले तर काय सांगायचे, हा प्रश्न जहाजावर उद्भवत नाही, आणि गावी परतल्यावरही तो विचारण्याचा अधिकार कुणाला नाही. वाटले नाही तर नेसू नये. बुफेत जेवायचे असेल तर तेही मोकळ्या मनाने, तिथले पदार्थ आवडतात म्हणून जेवावे, लपण्यासाठी नव्हे.

प्रश्न : आमच्या सफरीच्या कार्यक्रमात एक ‘व्हाइट नाइट’ आहे. सर्वांनी पांढरे घालायचे म्हणे. सवाष्णीने पांढरी साडी नेसायची या कल्पनेनेच आईच्या पोटात गोळा येतो. नाही नेसली तर चालेल का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : चालेल. अशा ठरावीक रंगाच्या रात्री हौसेच्या असतात. काही जहाजांवर पांढऱ्याची रात्र असते, तर व्हर्जिन व्हॉयेजेस या फक्त प्रौढांसाठी असलेल्या कंपनीच्या जहाजांवर लाल रंगाची ‘स्कार्लेट नाइट’ असते. दुसरा रंग घातला म्हणून कुणाला जेवणावरून उठवत नाहीत. तरीही सगळ्यांबरोबर सहभागी व्हायचे असेल, तर मधला मार्ग सोपा आहे. मोतिया किंवा सायीच्या रंगाची, लाल, हिरव्या वा जांभळ्या ठसठशीत काठाची साडी घ्यावी, त्यावर काठाच्याच रंगाचा ब्लाउज, हातात हिरव्या बांगड्या आणि कपाळाला कुंकू. केरळात अशी सोनेरी काठाची साडी सणाला आणि लग्नालाही सवाष्णी नेसतात, हे आईंना सांगून पाहा. तेवढ्यानेही त्यांचे मन घेत नसेल, तर आग्रह करू नये. त्यांनी आपली नेहमीची साडी नेसावी आणि केसांत पांढरा गजरा माळावा. खरी फुले मिळणार नाहीत, म्हणून कापडी गजरा घरूनच न्यावा.

असे विशेष रंग आणि फॉर्मल रात्री किती आहेत, हे बुकिंग करतानाच विचारून लिहून घ्यावे. सफर सुरू झाल्यावर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा जहाजाच्या ॲपमध्ये त्या संध्याकाळचा पोशाख दिलेला असतो. तो सकाळीच वाचून साडी, परकर, ब्लाउज आणि पिना एकत्र काढून ठेवाव्यात, म्हणजे बंदर पाहून दमून परतल्यावर छोट्या केबिनमध्ये बॅगा उपसण्याची वेळ येत नाही.